मावशींच्या पायांना मुंग्या येतात, त्याची गोष्ट

इंदूरच्या जुन्या वस्तीतून एका तिशीतल्या ताईंचं पत्र आलं आहे. घराच्या तळमजल्यावर सासरे आणि नवरा चपला-सँडलचा छोटा कारखाना चालवतात. आठ कारीगर खाली बसतात. आणखी सहा बायका सोल आणि अप्पर घरी नेतात, चिकटवून जोड्या परत आणून देतात. खाली बसणाऱ्यांत सगळ्यात जुन्या एक मावशी आहेत, वय बावन्न, अठरा वर्षं पेस्टिंगवरच, म्हणजे सोल चिकटवण्याच्या कामावर. गेले चार-पाच महिने त्यांच्या दोन्ही पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. परवा चालताना पायातली चप्पल निसटली आणि त्यांना ते कळलंच नाही. घरातले म्हणतात, शुगर असेल. ताई स्वतः दुपारी दोन तास पेस्टिंगला बसतात, उठल्यावर डोकं जड होतं. घरात बाळाचा विचार चालू आहे. सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, घट्ट झालं की सुट्या कॅनमधलं थिनर घालतात, ते संपलं तर पेट्रोल. यजमानांचं म्हणणं असं, की रबर झाडातून येतं, नैसर्गिक वस्तू आहे, आणि मावशींना अठरा वर्षांत काही झालं नाही ते आताच कसं होईल? ताई विचारतात: मावशींना कामावरून थांबवावं का? त्यांचं घर याच पैशावर चालतं. की धंदाच बंद करून तयार माल आणून विकावा, असं घरात सांगावं?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं चप्पल निसटल्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. जिनं अठरा वर्षं दुसऱ्यांच्या पायांसाठी चपला चिकटवल्या, तिला स्वतःच्या पायातली गेलेली कळली नाही. मावशींना ते लाजेचं वाटलं असेल, हसून त्यांनी विषय बदलला असेल. तुम्ही तो लक्षात ठेवलात, लिहून कळवलात, याबद्दल आधी तुमचे आभार मानते.

दोन्ही पायांना सारखं, बोटांपासून वर चढत जाणारं बधिरपण हा नसांचा त्रास असतो. तो शुगरनं होतो, हे खरं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतो. आणि तुमच्या तळमजल्यावरच्या डब्यात जे आहे त्यानंही होऊ शकतो. तिन्ही कारणं एकाच बाईत असू शकतात. म्हणून "शुगर की सोल्यूशन" हा वाद घरात घालू नका. शुगर निघाली तरी डबा निर्दोष सुटत नाही.

आता यजमानांच्या बोलण्याकडे येते, कारण त्यात अर्धं खरं आहे. रबर झाडातूनच येतं. केरळात झाडाच्या सालीला चीर देऊन चीक गोळा करतात, आम्ल घालून गोठवतात, त्याच्या लाद्या धुरावर वाळवतात. तो कच्चा माल उन्हात चिकट होतो, थंडीत कडक होतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला कळलं, की गंधक घालून तापवलं तर रबर टिकतं, ताणलं तरी मूळ आकारावर येतं. तुमच्याकडे येणारी हवाई चपलेची शीटसुद्धा नुसत्या झाडाची नसते. त्यात नैसर्गिक रबराबरोबर कारखान्यात बनवलेलं रबर, भरणा, गंधक, फुगवण्याचं द्रव्य आणि गंधकाचं काम लवकर व्हावं म्हणून घातलेली रसायनं असतात. या रसायनांनी काहींच्या हातापायांच्या कातडीला खाज सुटते, चट्टे येतात. बफिंगची, म्हणजे सोल घासण्याची, धूळ छातीत जाते, तीही वाईट. पण मावशींच्या पायांबद्दल माझा संशय शीटवर नाही.

संशय आहे तो रबर ज्यात विरघळवतात त्या पातळ पदार्थावर. गंधक घालून पिकवलेलं रबर विरघळत नाही, नुसतं फुगतं. कच्चं रबर मात्र टोल्यून, हेक्सेन, नॅफ्था असल्या द्रवांत विरघळतं. तेच आपलं "सोल्यूशन". सायकलच्या पंक्चरच्या दुकानातला तो ओळखीचा वास. चपलांच्या कामात पुष्कळदा नैसर्गिक रबराऐवजी निओप्रीन हे कृत्रिम रबर वापरतात, पण विरघळवायला द्रव लागतोच. ब्रशनं लावलं, पाच-दहा मिनिटं सुकू दिलं, दाबलं. त्या पाच-दहा मिनिटांत जे "सुकलं" ते कुठे गेलं, हा प्रश्न यजमानांना नक्की विचारा. असल्या डब्यात उडून जाणारा भाग चिकटणाऱ्या भागापेक्षा कितीतरी जास्त असतो. डब्याला दिलेल्या पैशातला मोठा वाटा खोलीच्या हवेत जातो, आणि ती हवा कारीगर दिवसभर आत ओढतात. झाड त्यात कुठेच नाही.

या द्रवांपैकी मावशींच्या लक्षणांशी सगळ्यात जास्त जुळतं ते हेक्सेन. आपल्या माळव्यात हे नाव नवं नाही. सोयाबीनचं तेल काढायच्या कारखान्यांत तेच वापरतात, त्यामुळे ते इकडे सहज मिळतं, आणि "फूड ग्रेड" असं लिहिलेलं असलं की माणूस निर्धास्त होतो. पण तेलाच्या कारखान्यात ते बंद यंत्रात फिरतं. तुमच्याकडे ते उघड्या वाटीत असतं. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होऊन जे द्रव्य तयार होतं, ते लांब नसांना आधी पकडतं. म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून, मग हात, मग ताकद कमी होणं. १९६० च्या दशकात जपानमध्ये सँडल बनवणाऱ्या कामगारांत हा आजार मोठ्या संख्येनं दिसला होता. त्यातल्या अनेकजणी तुमच्या त्या सहा बायकांसारख्या घरीच, बंद खोलीत काम करणाऱ्या होत्या. सोल्यूशनमध्ये एमईके नावाचं दुसरं द्रव्यही असेल, तर हेक्सेनचा नसांवरचा मार आणखी वाढतो.

"अठरा वर्षांत झालं नाही" याचं उत्तरही इथेच आहे. अठरा वर्षं डब्यात तेच होतं, हे कुणी बघितलंय? पुरवठादार बदलतो, भाव वाढला की मिश्रण बदलतं, थिनर सुटा येतो. सहा-आठ महिन्यांत काय बदललं, ते मामंजींना विचारा. जुनी बिलं काढा.

आणि पेट्रोल. ताई, हे मात्र आजच्या आज थांबवा, चर्चेची वाट बघू नका. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, कायद्यानं एक टक्क्यापर्यंत चालतं. ते इंजिनात जळायला. माणसानं दिवसभर हुंगायला नाही. बेंझीन हाडांच्या मगजावर घाव घालतं, रक्त बनणं मंदावतं, आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. तुर्कस्तानात डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये इस्तंबूलच्या चप्पल-बुटांच्या कारागिरांबद्दल लिहिलं: बेंझीन असलेला गोंद वापरणाऱ्या २८,५०० कामगारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण. सर्वसाधारण लोकांत दिसतं त्याच्या साधारण दुप्पट. तीही छोटी, कोंदट, घरगुती दुकानंच होती.

मला हे लिहिताना आमच्या जुन्या वाड्यातल्या एक काकू आठवतात. जिन्याखाली बसून त्या बुटांचे तळ चिकटवायच्या. आम्हा पोरांना तो वास फार आवडायचा, मुद्दाम जवळ जाऊन बसायचो. पुढे त्या भिंतीला धरून चालायला लागल्या. वाड्यात सगळे म्हणायचे, वय झालं. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. डबा उचलून त्यावर काय लिहिलंय हे कुणीच वाचलं नाही, आणि पुढे वाचायला शिकलेली मीही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मावशींना थांबवावं का? पेस्टिंगवरून, हो, उद्यापासून. कामावरून, नाही. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकच झाल्या आहेत आणि त्यामुळेच तुम्ही अडकलात. तुम्ही त्यांना प्रेमानं घरी बसवलंत, तर त्या आठ दिवसांत पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात बसून तोच ब्रश हातात घेतील, कारण त्यांना तेच येतं आणि महिना भागवायचा आहे. तुमच्या डोळ्यांसमोरून त्रास जाईल, त्यांच्या पायातून जाणार नाही. कटिंगनंतरची तपासणी, जोड्या जुळवणं, हवाईत पट्टे ओवणं, पॅकिंग, नव्या मुलींना शिकवणं, यातलं काय त्यांना करावंसं वाटतं ते त्यांनाच विचारा. पेस्टिंगचे त्यांना जेवढे पडायचे तेवढेच पैसे द्या. ही दया नाही. तुमच्या घराच्या अठरा वर्षांच्या मालात त्यांचा हात आहे. त्यांच्याशिवाय, त्यांच्याबद्दल, वर स्वयंपाकघरात निर्णय होऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. हेक्सेनचा त्रास असेल तर काम थांबवल्यावरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, लक्षणं वाढू शकतात. मग हळूहळू उतरतात, बरेचजण बरे होतात, पण महिने लागतात, फार झालं असेल तर वर्ष-दोन वर्षं. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, "बघा, काम सोडलं तरी वाढलंच, म्हणजे सोल्यूशन नव्हतं," आणि परत जाऊन बसतो.

तुमचं स्वतःचं. बाळाचा विचार आहे तर तुम्ही पेस्टिंगला बसू नये, आजपासूनच. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत पहिले नाजूक आठवडे निघून गेलेले असतात. टोल्यूनची वाफ जास्त असेल तर गर्भाला अपाय होतो. पण ताई, तुम्ही उठल्यावर त्या पाटावर कोण बसेल? तिचंही लग्न झालेलं असेल, तिलाही दिवस राहतील. म्हणून नुसती तुमची जागा बदलून भागणार नाही, जागाच बदलायला हवी.

इथे यजमानांशी बोलायची वेळ येते. आजाराबद्दल बोललात तर ते डॉक्टर नाहीत आणि तुम्हीही नाही, वाद वाढेल. मी तुमच्या जागी असते तर आगीपासून सुरुवात केली असती. या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या वर जात नाहीत, जमिनीवर पाण्यासारख्या पसरतात, आणि दूरची ठिणगी पकडून डब्यापर्यंत मागे पेटत येतात. वर तुमचं घर, वर गॅस. खाली स्विच, मोटार, कुणाची तरी बिडी. कारखान्यात सकाळी देवासमोर दिवा लावत असाल तर तो वर देवघरात लावा, तळमजल्याच्या वाटणीची प्रार्थना तिथूनही पोचते. ही गोष्ट यजमानांना आणि मामंजींना एका मिनिटात पटेल, कारण छोट्या कारखान्यांना लागलेल्या आगी सगळ्यांनी बातम्यांत पाहिल्यात. पटली की पुढचं आपोआप सोपं होतं, कारण आगीसाठी जे करायचं तेच नसांसाठी करायचं आहे.

वाफ जड आहे, म्हणून छताजवळचा एक्झॉस्ट पंखा फारसा कामाचा नाही, आणि छताचा पंखा तर वाफ खोलीभर ढवळतो. हवा टेबलाच्या पातळीवरून, कारीगराच्या तोंडापासून दूर, थेट बाहेर ओढली गेली पाहिजे. पेस्टिंगचं टेबल खिडकीच्या भिंतीला लावा, टेबलाच्या मागच्या कडेला खाली पंखा बसवा, समोरच्या दारातून ताजी हवा येऊ द्या. तो पंखा ठिणगी न उडवणारा हवा, इलेक्ट्रिशियनला हे स्पष्ट सांगा. बाहेर टाकलेली हवा शेजाऱ्यांच्या खिडकीत जाऊ नये. उघडी वाटी बंद करा, झाकणात ब्रश असलेला डबा वापरा. त्या दिवशी लागेल तेवढंच खाली आणा, बाकीचं बाहेर कुलपात. लावलेले सोल सुकायला ठेवायची फळी माणसांच्या मधे नको, पंख्याच्या तोंडाशी हवी. हात थिनरनं धुणं बंद, साबण आणि तेल वापरा. कापडी किंवा डॉक्टरी मास्कनं वाफ अजिबात अडत नाही, उलट लोक निर्धास्त होतात. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो, त्या डब्या वेळेवर बदलाव्या लागतात, आणि तो लावून आठ तास कुणी बसत नाही. साधा रबरी हातमोजा तर याच द्रवात फुगून चिकट होतो. म्हणून मास्क-मोजे शेवटी, हवा आणि डबा आधी.

डबा बदलता येतो का? येतो, पण एका झटक्यात नाही. आधी पुरवठादाराकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि त्याचे धोके काय हे सांगणारा कागद, मागा, ती देणं त्याचं काम आहे. तिच्यात हेक्सेन, टोल्यून, बेंझीन, एमईके ही नावं शोधा. जो देत नाही, किंवा सुट्या कॅनमधून बिनलेबल माल देतो, त्याच्याकडचं घेणं थांबवा. भाव दोन रुपयांनी कमी असला तरी. हेक्सेनऐवजी हेप्टेन असलेला माल मिळत असेल तर नसांसाठी तो कितीतरी बरा, आग मात्र तितकीच. पाण्यावर आधारलेले गोंद बाजारात आहेत. महाग पडतात, पण त्यात उडून जाणारा भाग पाण्याचा असतो, आणि चिकटणारा भाग जास्त असल्यामुळे कमी माल जास्त पुरतो. त्यांना सुकायला वेळ आणि गरम हवा लागते, पावसाळ्यात जास्तच, आणि ईव्हीएच्या, म्हणजे फोमसारख्या हलक्या, सोलला आधी प्रायमर, म्हणजे गोंद धरावा म्हणून पहिला थर, लावावा लागतो. एका मॉडेलवर महिनाभर करून बघा, ओढून तपासा, परत आलेला माल मोजा. तुमचा कारीगर हातानं ओढूनच सांगेल जोड धरला की नाही.

आणि मुळात सगळ्या जोड्यांना गोंद लागतोच का? हवाईचा पट्टा तीन भोकांतून ओवून खाली अडकवलेला असतो, चिकटवलेला नसतो. एकाच जाड शीटमधून कापलेली हवाई बिनगोंदाची होते. काही सँडलना कडेनं शिलाई चालते. पुढच्या सीझनच्या यादीत गोंद न लागणारी मॉडेलं किती वाढवता येतील, हे यजमान आणि कारीगर बसून ठरवू शकतात, त्यासाठी धंदा बंद करावा लागत नाही. तयार माल आणून विकण्याचा तुमचा विचार मला कळतो, पण तो माल कुणीतरी, कुठल्यातरी तळमजल्यावरच चिकटवलेला असेल. सध्या तुमच्या हातात निदान हा तळमजला आहे. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी पाच टक्के झाला, स्वस्त चपलांवर आधी बारा होता. ती बचत ग्राहकाची आहे हे मान्य, पण कर उतरल्यानं मागणी थोडी वाढली असेल, तर पंख्याचा खर्च काढायला याहून बरी वेळ नाही.

त्या सहा घरच्या बायकांचं मला सगळ्यात जास्त वाटतं. एक खोली, तिथेच चूल, तिथेच झोपलेलं मूल, दार लावलेलं. त्यांच्याकडे पंखा बसवायला तुम्ही जाणार नाही. म्हणून चिकटवायचं काम घरी द्यायचंच नाही, ही रेघ आखा. घरी द्यायचं ते शिलाई, पट्टे ओवणं, मोजणी, डब्या भरणं. ज्यांना पेस्टिंगच करायचं आहे त्यांनी खाली, पंख्याच्या टेबलावर येऊन करावं, आणि येण्याजाण्याचं भाडं जोडीच्या दरात धरा. दर न वाढवता ही रेघ आखलीत तर भार त्यांच्यावरच पडेल.

दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का. तुमचे खाली आठ आणि बाहेर सहा आहेत. बाहेरच्या बायका मोजणीत येतात का, हे अकाउंटंटच्या अंदाजावर सोडू नका, ईएसआयच्या कार्यालयात लेखी विचारा. नंदानगरला ईएसआयचं रुग्णालय आहे, बेंझीनसारख्या द्रव्यांचे आजार कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून लिहिलेले आहेत. विमा असता, तर मावशींच्या तपासण्यांसाठी आज तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

तोपर्यंत त्यांच्या तपासणीचा खर्च कारखान्यानं करावा, आणि त्याबदल्यात त्यांच्याकडून कुठल्याही कागदावर अंगठा घेऊ नये. एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे न्या. तीन महिन्यांची शुगर, ब-१२, थायरॉइड, रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी आणि नसांची वहनचाचणी, एवढं मागा. पाऊल उचलताना लटकत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर निळे डाग पडत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा. बाकी कारीगरांचीही रक्ताची मोजणी एकदा करून ठेवा.

एक काम विसरू नका. डॉक्टर वय विचारतील, शुगर विचारतील, घरात कुणाला आहे का ते विचारतील. काम काय करता, हे बहुतेक वेळा विचारत नाहीत. म्हणून सोल्यूशनच्या आणि थिनरच्या डब्यावरच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, पेट्रोल घालत होतो हेही लपवू नका. आणि मावशींना स्वतःला सांगू द्या, कधीपासून, किती तास, कसं बसून. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा.